धोम-कण्हेरच्या पाण्यावर पाँटून बोट नेण्याआधी

पाँटून बोट म्हणजे हवेच्या दोन ट्यूब आणि त्यांवर फ्रेम-सीट असलेली, मासेमारीची छोटी वल्ह्यांची बोट. साताऱ्याकडच्या धोम-कण्हेर धरणांवर ती न्यायची तर तयारी आदल्या संध्याकाळीच सुरू करा, कारण हळू गळणारी ट्यूब काठावर दहा मिनिटांत सापडत नाही. दोन्ही ट्यूब बोटीवर छापलेल्या दाबापर्यंत भरून रात्रभर घरात ठेवा. सकाळी दोन्ही सारख्याच मऊ लागल्या तर बहुधा गारव्याने हवा आकसलेली असते. एकच बसली असेल तर गळती धरून चाला. भांड्यांच्या साबणाचं पाणी स्पंजने फिरवा, पण सुरुवात व्हॉल्वपासून. तिथे वाळूचा एक कण अडकला तरी टोपी नीट बसत नाही, आणि आपण उगाच ट्यूबवर पंक्चर शोधत बसतो.

बाहेर जाड कव्हर आणि आत पातळ ब्लॅडर (हवेची पिशवी) अशी ट्यूब असेल तर दाब खरं तर कव्हरच पेलतं. झिप किंवा शिवण उसवू लागली असेल तर त्या दिवशी पाण्यात जाऊच नका; ब्लॅडर त्या फटीतून फुग्यासारखा बाहेर येतो आणि फुटतो. झिप लावून निम्मी हवा भरली की थांबा, हाताने चाचपून घड्या मोडा, व्हॉल्व भोकासमोर आहे ना ते बघा, मग उरलेली भरा. फ्रेमचे नट पान्यानेच तपासा, ट्यूबचे पट्टे हवा भरल्यावर पुन्हा ओढा आणि वल्ह्याच्या कड्याची एक जादा पिन खिशात असू द्या. ती पडली की उरलेल्या एका वल्ह्याने बोट गोल फिरत राहते.

काठावर बाभळीचे काटे असतात. बोट ताडपत्रीवर जुळवा आणि ओढत न नेता दोघांनी उचलून न्या. उन्हात टणटणीत भरलेली ट्यूब गार पाण्यात पंधरा मिनिटांत सैल पडते, म्हणून पंप सोबत घ्या आणि पुन्हा भरा. परतल्यावर उलटं: दुपारी बोट काठावर ठेवायची असेल तर आधी थोडी हवा सोडा, नाहीतर तापून शिवण जाते.

लाइफ जॅकेट सीटमागे टांगून उपयोग नाही, अंगावर पट्टे आवळून घाला. नांगराची दोरी एका झटक्यात सुटेल अशी अडकवा आणि सुरी छातीशी ठेवा. धरणात बुडालेल्या झाडांच्या खुंटांत नांगर हमखास अडकतो. वाहत्या पाण्यात नांगर बाजूने कधीच नको, बोट उलटते. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटतो आणि ही हलकी बोट पानासारखी वाहवते. जाताना वाऱ्याविरुद्ध वल्हवा, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो. पश्चिमेला वळवाचे ढग दिसले की गळ गुंडाळून काठ गाठा.

जागा निवडताना एक गोष्ट पक्की: या बोटीत पाय पाण्यात असतात. सांगलीकडे कृष्णेत, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत. तिथे ही बोट नकोच. कोयना अभयारण्य आणि चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात, तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय उतरू नका. बाकी धरणांवर मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक सोसायटीकडे असतो, तिथे आधी विचारा. कुठे उतरणार आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून निघा, फोन वॉटरप्रूफ पिशवीत गळ्यात अडकवा. मदतीचा नंबर 112.