अमेरिकेत क्रेडिट बिघडलं असेल तर: नव्याने आलेल्यांसाठी

मला इथे येऊन दीड वर्ष झालं होतं. गाडीसाठी कर्ज मागायला गेलो आणि नकार मिळाला. पगार व्यवस्थित होता, भारतात एकही हप्ता चुकवलेला नव्हता, आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नव्हता. शोध घेतल्यावर कळलं की पहिलं अपार्टमेंट सोडताना इंटरनेटचं शेवटचं बिल जुन्याच पत्त्यावर गेलं होतं. १४३ डॉलर. मी ते पाहिलंच नाही. कंपनीने ते वसुलीवाल्यांना विकलं आणि माझ्या नावापुढे ‘कलेक्शन’ हा शब्द येऊन बसला. तो मूळ थकबाकीपासून साधारण सात वर्षं तिथे राहतो, हेही मला तेव्हाच समजलं.

ही गोष्ट सांगतोय कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांचं क्रेडिट, म्हणजे कर्ज मिळण्याची पत, उधळपट्टीने बिघडत नाही, बेसावधपणाने बिघडतं. उधळपट्टी नंतर येते, हातात तीन-चार कार्डं आली की.

भारतातला तुमचा सिबिल स्कोअर इथे सहसा कुणी विचारत नाही. एखाद-दुसरी कार्ड कंपनी तिकडचा इतिहास बघायला तयार असते, पण धरून चाला की पाटी कोरी आहे. इथे एक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन संस्था तुमची नोंद ठेवतात. त्या नोंदींवरून ‘फायको’ स्कोअर निघतो, ३०० ते ८५० च्या दरम्यान. त्यात ३५ टक्के वजन वेळेवर भरलेल्या हप्त्यांना, ३० टक्के किती उधारी वापरली त्याला, १५ टक्के खाती किती जुनी आहेत त्याला, आणि उरलेले दहा-दहा टक्के नव्या कर्जांना व कर्जाच्या प्रकारांना. तुमचा पगार यात कुठेच नाही. बँकेत किती शिल्लक आहे तेही नाही. दोन लाख डॉलर कमावणाऱ्याचा स्कोअर ५८० आणि दुकानात काम करणाऱ्याचा ७८० असू शकतो.

सुरुवात क्रेडिट अहवालापासून करा, म्हणजे या तीन संस्थांकडे तुमच्याबद्दल काय नोंदलंय ते बघा. ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉम ही कायद्याने ठरवून दिलेली जागा आहे, तिथे तिन्ही संस्थांचे अहवाल फुकट मिळतात, आता दर आठवड्याला. आपण आपलाच अहवाल पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती काढून टाका. तिन्ही अहवाल वेगवेगळे वाचा, कारण एकात असलेली चूक दुसऱ्यात असेलच असं नाही.

आपल्या नावांचा घोळ इथे विशेष होतो. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. नोकरीच्या कागदावर मधलं नाव गाळलेलं, बँकेत फक्त आद्याक्षर, लग्नानंतर बायकोचं आडनाव एका ठिकाणी बदललेलं आणि दुसऱ्या ठिकाणी जुनंच. त्यात आपल्याकडची ठरावीक आडनावं. माझ्या एका अहवालात माझ्याच नावाच्या, ज्या राज्यात मी पाऊलही ठेवलं नव्हतं तिथल्या माणसाचं दुकानाचं कार्ड नोंदलेलं होतं. अशी चूक दिसली की त्या संस्थेकडे लेखी तक्रार करा, सोबत पुरावा जोडा. १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यानुसार त्यांना साधारण ३० दिवसांत तपास करावा लागतो, आणि नोंद खरी ठरवता आली नाही तर काढावी लागते. माझी ती नोंद तीन आठवड्यांत गेली. पण खरी असलेली नोंद तक्रारीने जात नाही. १४३ डॉलरची माझी होती ती खरी होती.

आता जमाखर्च. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक स्कोअर वाढवायच्या युक्त्या विचारतात आणि हा भाग टाळतात.

भारतात पगार महिन्याचा, खर्चही महिन्याचा, म्हणून हिशेब आपोआप जुळतो. इथे पुष्कळ नोकऱ्यांत पगार दर दोन आठवड्यांनी येतो आणि बिलं महिन्याने. सगळी गडबड या दोन चाकांच्या वेगातल्या फरकातून होते. भाडं एक तारखेला, गाडीचा हप्ता सातला, कार्ड अकराला आणि पगार तेराला. पैसे आहेत, पण अकराला नाहीत. मग उशीर होतो, दंड लागतो.

एक कॅलेंडर घ्या, कागदाचंच. त्यावर पुढच्या तीन महिन्यांचे पगार हिरव्या पेनाने आणि बिलं लाल पेनाने लिहा. कुठे लाल आधी आणि हिरवं नंतर येतं ते लगेच दिसेल. कार्ड कंपन्या देय तारीख बदलून देतात, फोन करून मागावी लागते. मी सगळी कार्डं एकाच आठवड्यात आणली. एक पगार भाडं आणि विजेसाठी, दुसरा बाकी सगळ्यासाठी, अशी सरळ वाटणी झाली.

दोन आठवड्यांच्या पगाराचा एक फायदाही आहे. वर्षात असे २६ पगार येतात. महिन्याला दोन धरले तर २४ होतात, म्हणजे वर्षात दोन महिने असे येतात की तीन पगार हातात पडतात. घर दोन पगारांत चालवायची सवय लावली तर ते दोन पगार पूर्ण मोकळे राहतात. हातात येणारा पगार २,६०० असेल तर वर्षाला ५,२०० डॉलर. त्या तारखा आजच कॅलेंडरवर गोल करून ठेवा आणि समोर कर्जाचं नाव लिहा. नाहीतर तिसरा पगार कधी आला आणि कुठे गेला ते कळतही नाही.

वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च मात्र घात करतात. गाडीचा सहामाही विमा, टायर, आणि आपला सगळ्यात मोठा, भारताची तिकिटं. चार जणांची तिकिटं, वर भेटवस्तू, वर घरच्या लग्नातला आहेर, हे सगळं कार्डावर टाकून यायचं आणि पुढचं वर्ष फेडत बसायचं, याला ऋण काढून सण म्हणतात. त्या ट्रिपला सहा हजार लागणार असतील तर २४ पगारांतून प्रत्येकी २५० बाजूला पडले पाहिजेत, वेगळ्या बचत खात्यात. तेवढे पडत नसतील तर यंदा जाऊ नका. हे आईवडिलांना सांगणं अवघड जातं, मला गेलं होतं. पण कर्ज आहे हे त्यांना न सांगता दर महिन्याला पूर्वीइतकेच पैसे पाठवत राहणं जास्त महागात पडलं.

कार्डाचं व्याज समजून घ्या. समजा ५,००० डॉलर थकलेत आणि वार्षिक दर २४ टक्के आहे. महिन्याला साधारण १०० डॉलर नुसतं व्याज. तुम्ही दरमहा १५० भरले तर मुद्दल कमी होतं ५० ने. असं फेडायला साडेचार वर्षांहून जास्त लागतात आणि व्याज जातं ३,३०० डॉलरच्या आसपास. दरमहा २५० भरले तर सव्वादोन वर्षांच्या आत सुटता आणि व्याज निम्म्याहून कमी, साधारण १,४५०. तुमच्या बिलावरच हा हिशेब छापलेला असतो, २००९ च्या कायद्याने तो छापणं बंधनकारक आहे. किमान रक्कम भरत राहिलात तर किती वर्षं, आणि तीन वर्षांत संपवायचं तर दरमहा किती. तो छोटा तक्ता वाचा.

आणखी एक. थकबाकी ठेवली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सहसा जाते. म्हणजे आज घेतलेल्या दुधावरही आजपासून व्याज. म्हणून फेडायचं ठरलं की ते कार्ड वापरणं बंद. कापून टाकायची गरज नाही, खातंही बंद करू नका. घरी कपाटात ठेवा.

फेडीचा क्रम लावताना मी व्याजदर बघतो: सर्व कर्जांची किमान रक्कम भरायची आणि उरलेलं सगळं सर्वांत जास्त दराच्या कर्जावर. काही जण सर्वांत लहान कर्ज आधी संपवतात, त्याने हुरूप येतो. गणित पहिल्याच्या बाजूने आहे, पण चार महिन्यांत कंटाळून सोडून देणार असाल तर दुसरी पद्धत घ्या. त्याआधी हजारेक डॉलर अडीअडचणीसाठी मात्र बाजूला ठेवाच. नाहीतर गाडी बंद पडली की पुन्हा कार्ड बाहेर येतं.

इथे आपल्या मुलामुलींची एक खास चूक. शिक्षणासाठी भारतात घेतलेलं कर्ज डोक्यावर असतं, बाबा सहकर्जदार, घर तारण. मनावर ओझं त्याचंच. मग डॉलर आले की आधी तिकडे मोठी रक्कम भरायची आणि इथलं कार्ड किमानवर चालवायचं. भारतातलं कर्ज समजा ११ टक्क्यांचं आणि कार्ड २४ चं, तर दर हजार डॉलरमागे वर्षाला १३० डॉलर तुम्ही हौसेने वाया घालवताय. तिकडचा ठरलेला हप्ता एक दिवसही चुकवू नका, कारण चुकला तर बाबांचाही सिबिल बिघडतो. पण त्यापलीकडचा प्रत्येक डॉलर आधी इथल्या कार्डावर. बाबांना हे गणित फोनवर समजावून सांगा. माझ्या वडिलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग हे आधी का नाही सांगितलंस?

जमाखर्च बसला की स्कोअरची डागडुजी फार अवघड नाही. सोशल सिक्युरिटी नंबर (इथला नऊ आकडी सरकारी क्रमांक) असेल पण कार्ड कुणी देत नसेल तर अनामत ठेवून मिळणारं कार्ड घ्या, दोनशे-तीनशे डॉलर ठेवले की तेवढीच मर्यादा मिळते. त्यावर एकच छोटा खर्च लावा, समजा फोनचं बिल, आणि पूर्ण रक्कम आपोआप कापली जाईल अशी सोय करा. जोडीदाराकडे अजून हा नंबर नसेल तर बऱ्याच कंपन्या त्याला किंवा तिला तुमच्या कार्डावर जोडू देतात. मात्र तुमचं कार्ड थकलेलं असेल तर हा उपकार करू नका.

‘थोडी थकबाकी ठेवली की स्कोअर वाढतो’ हा सल्ला आपल्या प्रत्येक गटात फिरत असतो. खोटा आहे. बघितलं जातं ते मर्यादेच्या तुलनेत बिलावर किती रक्कम आहे. हजाराच्या मर्यादेवर ८०० खर्चून ते देय तारखेला पूर्ण भरले, तरी संस्थांकडे बहुधा ८०० हाच आकडा गेलेला असतो, कारण तो बिल निघतं त्या दिवशी कळवला जातो. म्हणून बिल निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीच बरीचशी रक्कम भरा. बिलावरची रक्कम मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या खाली ठेवा, दहाच्या खाली राहिलं तर उत्तम.

हप्ता चुकलाच तर घाबरून गप्प बसू नका. तीस दिवस उलटेपर्यंत उशिराची नोंद सहसा संस्थांकडे जात नाही. पाचव्या दिवशी लक्षात आलं तर लगेच भरा, फोन करा, दंड माफ करायला सांगा. पहिल्या वेळी बहुतेकदा करतात.

वसुलीवाल्यांचे फोन येतील. नव्याने आलेल्यांना ते, किंवा त्यांच्या नावाने लुबाडणारे, व्हिसा रद्द होईल, पोलीस येतील असं सांगतात. कार्डाचं किंवा डॉक्टरचं बिल थकलं म्हणून इथे तुरुंगात टाकत नाहीत, आणि तशी खोटी धमकी देणं १९७७ च्या कायद्याने बेकायदा आहे. सकाळी आठच्या आधी आणि रात्री नऊनंतर त्यांनी फोन करायचा नाही. फोनवर काहीच कबूल करू नका, खात्याचा नंबर देऊ नका. कर्ज कुणाचं, किती, हे लेखी मागा. त्यांच्याकडून माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत घेतलीत तर पुरावा देईपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. फार जुनं कर्ज असेल तर आधी चौकशी करा, कारण पुष्कळ राज्यांत थोडेसे पैसे भरले तरी कोर्टात दावा लावायची मुदत नव्याने सुरू होते.

‘तीस दिवसांत क्रेडिट स्वच्छ’ म्हणणाऱ्यांपासून दहा हात दूर. काम व्हायच्या आधी पैसे घेणं त्यांना कायद्यानेच मना आहे. त्यातले काही सोशल सिक्युरिटीच्या जागी वापरायला नऊ आकड्यांचा ‘नवा नंबर’ विकतात. तो वापरून अर्ज भरणं गुन्हा आहे, आणि व्हिसावरच्या माणसाला तो किती महाग पडेल याचा विचार करा. खरंच झेपत नसेल तर नॅशनल फाउंडेशन फॉर क्रेडिट काउन्सेलिंगच्या सदस्य संस्था आहेत, ना-नफा, त्या कार्ड कंपन्यांशी बोलून दर कमी करून देतात आणि तीन ते पाच वर्षांत फेडायची आखणी करतात. शुल्क थोडंसं असतं.

आणि घर बदलताना: पोस्टाला नवा पत्ता कळवा, ते ‘फर्स्ट क्लास’ टपाल, म्हणजे साधी पत्रं-बिलं, वर्षभर पुढे पाठवतात. वीज, गॅस, इंटरनेट, दवाखाना, दातांचा डॉक्टर, प्रत्येकाला फोन करून विचारा की शेवटचं बिल निघालं का, किती, आणि फोनवरच भरून पावती क्रमांक लिहून घ्या. महिन्याने पुन्हा एकदा फोन करा. मी आता करतो.