प्रोसेसर आणि मदरबोर्ड बदलावा का, हे कसे ठरवावे

संगणक मंद झाला की प्रोसेसर जुना झाला, असा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. प्रोसेसर बदलायचा तर पुष्कळदा मदरबोर्डही बदलावा लागतो, त्यापाठोपाठ रॅम आणि कधी पॉवर सप्लायही येतो, त्यामुळे एका भागासाठी सुरू झालेली खरेदी चार भागांवर जाऊन पोहोचते. म्हणून दुकानात भाव विचारण्याआधी काम नेमके कुठे अडते आहे, याचा घरीच शोध घ्यावा.

त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. ज्या कामाला वेळ लागतो तेच काम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडावा आणि प्रोसेसर, मेमरी, डिस्क व ग्राफिक्स यांचे आलेख काही मिनिटे पाहावेत. डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर मात्र २०-३० टक्क्यांवर असेल, तर अडचण हार्ड डिस्कची आहे. विंडोज साध्या साटा एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या, साटा केबलने जोडायच्या वेगवान डिस्कवर) हलवले तरी संगणक सुरू होण्यात आणि फाइली उघडण्यात मोठा फरक पडतो, आणि त्यासाठी मदरबोर्डाला हात लावावा लागत नाही. ब्राउझर आणि दोन-तीन प्रोग्रॅम उघडताच ८ जीबी रॅम काठोकाठ भरत असेल, तर आधी रॅम वाढवावी. प्रोसेसरचा आलेख मात्र जपून वाचावा. जो प्रोग्रॅम एकच कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा भाग) वापरू शकतो, तो चार कोअरच्या प्रोसेसरवर पूर्ण ताकदीने चालला तरी एकूण आकडा २५ टक्क्यांच्या आसपासच दिसतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की प्रोसेसर निवांत आहे. आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा वेगळा आलेख पाहिला, तर हा गैरसमज बहुधा दूर होतो. खेळांच्या बाबतीत चाचणी आणखी सोपी आहे: रिझोल्यूशन कमी करूनही फ्रेमची संख्या वाढली नाही, तर ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरच मागे पडत असण्याची शक्यता जास्त असते.

याच वेळी प्रोसेसरचा गिगाहर्ट्झमधील वेगही पाहावा. पूर्ण भार असताना तो मूळ वेगाच्याही खाली घसरत असेल, तर धुळीने भरलेला हीटसिंक (प्रोसेसरवरची उष्णता बाहेर टाकणारी धातूची जाळी) किंवा त्या दोहोंमधली वाळलेली थर्मल पेस्ट हे कारण असू शकते. सफाई करून आणि नवी पेस्ट लावून पुन्हा मोजावे.

इतके करूनही प्रोसेसरच कमी पडतो असे दिसले, तर सध्याच्या बोर्डावर आणखी कोणता प्रोसेसर बसतो हे शोधावे. बोर्डाचे नाव सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसते. ते घेऊन बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरांची यादी पाहावी, कारण सॉकेटचे (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेचे) नाव जुळले म्हणजे प्रोसेसर चालेलच असे नाही. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या सॉकेटला एलजीए ११५१ हे एकच नाव आहे, तरीही आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) लागतो. त्यामुळे एच११० या जुन्या, १०० मालिकेच्या चिपसेटच्या बोर्डावर कोअर आय-५ ७४०० असणाऱ्याला वर जाण्यासाठी आय-७ ७७०० इथवरच वाट आहे. तो प्रोसेसरही चार कोअरचाच असून विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला असताना अशा जुन्या प्रोसेसरवर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या एएम४ सॉकेटची स्थिती नेमकी उलट आहे. २०१७ मध्ये रायझन ५ १६०० सह घेतलेल्या बी३५० बोर्डावरही रायझन ५ ५६०० बसू शकतो, कारण २०२२ मध्ये एएमडीने आपल्या ३०० मालिकेच्या बोर्डांना रायझन ५००० साठी परवानगी दिली. बी४५० वर तर हा मार्ग अधिकच सुकर आहे. बोर्ड आणि रॅम तीच राहते, विंडोज ११ ची प्रोसेसरविषयीची अट पूर्ण होते आणि वेग लक्षणीय वाढतो. माझ्या मते सध्या डेस्कटॉपवर केलेल्या खर्चाचे सर्वाधिक चीज इथेच होते. मात्र क्रम चुकवू नये: जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस (बोर्डात साठवलेला, संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम) अद्ययावत करावे आणि मगच नवा बसवावा. बायोस लिहिले जात असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून जिथे वीज बेभरवशाची आहे तिथे यूपीएसशिवाय हे काम करू नये. काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांचा आधार काढलेला असतो, त्यामुळे त्या आवृत्तीची टीपही आधी वाचावी.

ज्यांना बोर्ड बदलण्यावाचून पर्याय नाही, त्यांच्यापुढे खरा प्रश्न रॅमचा असतो. एएमडीचा एएम५ आणि इंटेलचा एलजीए १८५१ हे दोन्ही नवे सॉकेट केवळ डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम घेतात. इंटेलच्या आधीच्या एलजीए १७०० सॉकेटसाठी मात्र जुन्या डीडीआर४ चे बोर्डही मिळतात, म्हणजे डीडीआर४ ची चांगली १६ जीबी रॅम हाताशी असेल तर एच६१० किंवा बी६६० चा तसा बोर्ड आणि सहा कोअरचा आय-५ १२४०० घेऊन रॅमचा खर्च वाचवता येतो. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्यापासून या बचतीला फार महत्त्व आले आहे. उलट बाजू अशी की एलजीए १७०० वर चौदाव्या पिढीपलीकडे जाता येत नाही, तर एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. पाच-सहा वर्षे काहीही न बदलता संगणक वापरणाऱ्याने या आश्वासनासाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. आपली रॅम खरोखर डीडीआर४ आहे ना, हे मात्र पाहून घ्यावे, कारण काही एच११० बोर्डांवर डीडीआर३ असते आणि ती इथे चालणार नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन वापरलेले भाग घेण्याचा विचार असेल, तर प्रोसेसर घ्यावा, बोर्ड शक्यतो नवाच घ्यावा. प्रोसेसर सहसा बिघडत नाही, तर बोर्डावरचे कपॅसिटर आणि सॉकेटच्या वाकलेल्या पिना ही नेहमीची दुखणी आहेत. याला महत्त्वाचा अपवाद इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या श्रेणीतील प्रोसेसरांचा आहे. जादा व्होल्टेजमुळे त्यांत अस्थिरता येते, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले आणि नवे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील सूचनांची दुरुस्ती) दिले. परंतु आधीच झालेली हानी त्याने भरून निघत नाही. असा वापरलेला प्रोसेसर टाळलेलाच बरा.

बेरीज करताना किरकोळ वाटणारे भागही धरावेत. एलजीए १७०० वर कूलरच्या छिद्रांमधील अंतर बदलले असल्याने जुन्या कूलरला नवे ब्रॅकेट लागते. ब्रँडेड कार्यालयीन संगणकांत बोर्डाचा आकार आणि पॉवर सप्लायची जोडणी अनेकदा त्या कंपनीपुरतीच असते, म्हणून तिथे कॅबिनेट आणि पॉवर सप्लायही बदलावा लागेल असे गृहीत धरावे. एकूण खर्च तशाच नव्या संगणकाच्या दोन-तृतीयांशापलीकडे जात असेल, तर मी नवा संगणक घेऊन जुना चालू स्थितीत विकेन किंवा घरातील मुलांना देईन.

बदल करायचे ठरले, तर स्क्रू काढण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, बिटलॉकर (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी आणि ते तात्पुरते स्थगित करावे. बिटलॉकर वापरते ती सुरक्षेची चिप अनेकदा प्रोसेसरमध्ये किंवा बोर्डावर असते, त्यामुळे भाग बदलताच विंडोज ती की मागते आणि ती नसेल तर डिस्कवरील माहिती उघडत नाही. दुसरी, विंडोजचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे ते तपासावे. संगणकासोबत आलेला ओईएम परवाना मूळ बोर्डाशी बांधलेला असतो आणि नव्या बोर्डावर नेता येत नाही. स्वतंत्र विकत घेतलेला रिटेल परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवला असेल, तर नवा बोर्ड बसवल्यावर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमधून तो पुन्हा सक्रिय करता येतो.