विद्यार्थी माहितीपट महोत्सवाला फिल्म पाठवताय? या चुका टाळा

निवडीला बसलं की पहिल्या मिनिटातच ओळखू येतं, बडोद्याची पोरं आहेत. लक्ष्मीविलास पॅलेसवर ड्रोन आणि मागे बासरी. विषय मात्र छोटा उदेपूरच्या राठवा आदिवासींचा पिठोरा, म्हणजे घराच्या भिंतीवर विधीने काढलेलं देवांचं चित्र! पॅलेसचा इथे काय संबंध, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

ड्रोन एक वेळ खपेल, बासरी नाही. मागे एका ग्रुपने पिठोऱ्याचा विधी फार छान टिपला होता. ओसरीच्या भिंतीवर लखारांनी, म्हणजे पिठोरा काढणाऱ्या चित्रकारांनी, काढलेले घोडे, समोर अंगात आलेला बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, चित्रातला एकेक देव ओळखून सांगतोय. सगळी फिल्म तिथेच होती, आणि नेमकं तिथेच इंटरनेटवरून उतरवलेलं फुकटचं म्युझिक. शो संपल्यावर तेजगढकडचे एक काका उठले, "बडवो शुं बोले छे ए तो संभळातुं ज नथी." बडवा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही. दिग्दर्शक म्हणाला, मूड आणायचा होता. मूळ आवाज मागितला तेव्हा खरं दुखणं कळलं: तो मोबाइलचा होता, वाऱ्याने पार फाटलेला. बासरी हे पांघरूण होतं.

फ्रेंच माहितीपटकार झाँ रूश यांनी 1950च्या दशकात नायजर नदीवरच्या पाणघोड्याच्या शिकारीची फिल्म खुद्द शिकाऱ्यांनाच दाखवली, तर त्यांची तक्रार पार्श्वसंगीताचीच. एवढ्या आवाजाने पाणघोडा पळून नाही का जाणार? गाणं त्यांच्याच शिकारीचं होतं, तरीही.

माझी सवय अशी की कॅमेरा बॅगेत राहू द्यायचा, आधी हेडफोन लावायचे. रेकॉर्डर बोलणाऱ्याजवळ ठेवायचा, कॅमेऱ्यापाशी नाही. माईकला केसाळ विंडशील्ड हवंच. रेकॉर्डरवर आवाजाची लेव्हल उणे 12 डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास. शून्याला टेकून फाटलेला आवाज एडिटमध्ये शिवता येत नाही. निघताना सगळ्यांना गप्प करून त्या जागेचा नुसता आवाज मिनिटभर घ्यायचा, कटचे सांधे त्यानेच बुजतात. "सर, एवढा वेळ कुठे असतो?" सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं ठरवलं असेल तर नसतोच.

दुसरं दुखणं: आवाज सुरुवातीला जुळतो, दहाव्या मिनिटाला ओठ आणि शब्द वेगळे. मोबाइल बहुधा बदलत्या फ्रेमरेटने (सेकंदाला किती चित्रं, तो वेग) शूट करतो, रेकॉर्डर आपल्या चालीने चालतो. एडिटला घेण्याआधीच क्लिप हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट, म्हणजे न बदलणाऱ्या, फ्रेमरेटवर काढून घ्या. मध्येमध्ये कापून आवाज सरकवत बसायची मजुरी पोरांना का आवडते, देव जाणे.

ट्यूबलाइट थरथरते? आपली वीज 50 हर्ट्झची, शटर 1/50 ठेवा.

पांढऱ्या धोतरावर पांढरी सबटायटल्स नकोत. काळी कड द्या.

अंगात आलेल्या माणसाला "परत एकदा" म्हणू नका. हो, म्हटलंय लोकांनी.

आता शेवटच्या रात्रीचे फोन. पेनड्राइव्ह 64 जीबीचा, रिकामा, तरी फाइल जात नाही? तो एफएटी32 फॉरमॅटचा असणार, त्यावर 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही. आतलं काही असेल तर दुसरीकडे काढून ठेवा आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. आणि सबटायटल्सची एसआरटी फाइल वेगळी देणार असाल तर यूटीएफ-8 एन्कोडिंगमध्ये सेव्ह करून दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडून बघा, नाहीतर गुजराती-मराठीच्या जागी पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं येतात आणि शिव्या प्रोजेक्टरवाल्याला बसतात.