सराफा, पोहे आणि शरीराचं घड्याळ: विस्कटलेली झोप रुळावर कशी आणायची

"रात्री एक वाजेपर्यंत डोळा लागत नाही आणि सकाळी उठवत नाही." इंदूरच्या रामबागेत ऐका नाहीतर लोकमान्यनगरात, तक्रार हीच. उपाय मात्र बहुतेक जण रात्री शोधतात: दहाला दिवे घालवून आडवं व्हायचं, हळदीचं दूध प्यायचं, कूस बदलत राहायचं. शरीराचं घड्याळ रात्री लावलं जात नाही, ते सकाळी लागतं. म्हणून सुरुवात सकाळपासून.

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर, हायपोथॅलॅमसमध्ये, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. हेच मुख्य घड्याळ. त्याचा स्वतःचा दिवस सरासरी २४ तासांपेक्षा दहा-बारा मिनिटांनी मोठा असतो. रोज कोणी लावलं नाही तर ते रोज तेवढं मागे पडतं. लावणारा मुख्य हात उजेडाचा. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं खरं काम चित्र पाहणं नाही, तर 'उजाडलं' एवढा निरोप या पुंजक्याला देणं. निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात.

इंदूरकरांची त्यात आणखी एक अडचण. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि इंदूर ७५.९ अंशांच्या आसपास. सूर्य इथे भिंतीवरच्या घड्याळापेक्षा सुमारे २७ मिनिटं उशिरा चालतो. जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सातनंतर होतो, जूनमध्ये पावणेसहाच्या आधी. जानेवारीत साडेपाचला उठून अंधारात फेरफटका मारून आलात, तर व्यायाम झाला, घड्याळ लागलं नाही.

सकाळ

उठण्याची वेळ ठरवा, झोपण्याची नाही. सातही दिवस तीच, रविवारी फार तर एक तास सूट. उठल्यापासून तासाभरात २० ते ३० मिनिटं उघड्यावर काढा: गच्ची, अंगण, पोह्यांच्या ठेल्यापर्यंत पायी. सूर्याकडे बघायचं नाही, आकाशाचा उजेड पुरतो. ट्यूबलाइटच्या खोलीत साधारण १०० ते ३०० लक्स (उजेड मोजण्याचं एकक) उजेड असतो. ढगाळ सकाळी, अगदी श्रावणातल्या झडीतही, बाहेर तो हजारांत मोजावा लागतो. आपले डोळे लगेच जुळवून घेतात म्हणून खोलीसुद्धा लख्ख वाटते, आणि तिथेच फसगत होते. बंद खिडकीमागे बसून पेपर वाचणं म्हणजे अर्ध्याहून कमी काम.

इथे एक चूक फार नेटाने केली जाते. रोज दोनला झोपून दहाला उठणारा माणूस एकदम पाचचा गजर लावतो आणि चार दिवसांत हरतो. कारण असं: शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास सर्वांत खाली असतं. त्या बिंदूनंतरचा उजेड घड्याळ पुढे आणतो, म्हणजे झोप आणि जाग लवकर येते; आधीचा मागे ढकलतो. दहाला उठणाऱ्याचा तो बिंदू आठच्या आसपास. सहाला उजेडात फिरायला गेला तर शरीर त्याला संध्याकाळचा उजेड समजतं आणि झोपेची वेळ आणखी उशिरा जाते. म्हणून पहिले दोन दिवस साडेनऊ, पुढचे दोन नऊ, मग साडेआठ, असं अर्ध्या अर्ध्या तासाने सरका आणि प्रत्येक वेळी उठल्या उठल्या बाहेर पडा. दहावरून साडेसहावर यायला सुमारे दोन आठवडे लागतात. झोपेची वेळ मागोमाग आपोआप येते, पण एक-दोन दिवस उशिराने. त्या दोन दिवसांत दुपारी पेंग येईल. २० मिनिटांची डुलकी चालेल, तीननंतर नको.

कॉर्टिसॉलला शिव्या देण्याआधी

कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक. हल्ली ते म्हणजे विष असं समजून ते 'उतरवण्याची' पावडर विकली जाते. पैसे वाचवा. हायपोथॅलॅमस मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीला कळवतो, पिट्यूटरी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. पहाटे ते चढू लागतं, जाग आल्यावर ३० ते ४५ मिनिटांत शिखर गाठतं, दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. सकाळी अंथरुणातून उठायला बळ मिळतं ते त्याच्याच जोरावर. बिघाड असतो तो रात्री ते खाली न येण्यात.

आणि ते खाली येऊ न देणाऱ्या गोष्टी घरातल्याच: जेवणानंतर काढलेला पैशांचा विषय, साहेबांचा साडेदहाचा मेसेज, हप्त्याचा हिशेब. मेंदूला वाघ आणि हप्ता यांतला फरक कळत नाही, ग्रंथींना निरोप एकच जातो. झोपण्याच्या तासभर आधी कागदावर उद्याची कामं लिहा. मोबाइलवर नको. 'बँक' असं न लिहिता 'अकरा वाजता बँकेत जाऊन पासबुक भरणं' असं लिहा. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात फिरत राहतं, ठरवून टाकलेलं त्या मानाने गप्प बसतं. मग पाच मिनिटं श्वास: चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, मिनिटाला सहा. श्वास सोडताना हृदयाची गती जरा मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं.

पहाटे तीनला जाग येणं हा आजारच असतो असं नाही. रात्रीच्या उत्तरार्धात झोप मुळातच उथळ होते. चूक पुढे होते: घड्याळ बघून 'आता तीनच तास उरले' हा हिशेब. घड्याळाचं तोंड भिंतीकडे करा. वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर उठून मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा आणि डोळे जड झाल्यावर परत या.

चहा, सराफा आणि संध्याकाळ

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढते. कॅफिन त्याची जागा अडवतं. ते निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. पाचच्या चहातलं निम्मं कॅफिन दहाला अंगातच असतं. "मला चहा पिऊनही झोप लागते" हे खरं असू शकतं, पण ती झोप उथळ होते आणि ते झोपणाऱ्याला कळत नाही. शेवटचा कप दोन-अडीचला. पाहुण्यांसोबत घ्यावाच लागला तर अर्धा.

नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे रात्र झाल्याचं कळवणारं संप्रेरक सोडू लागते. झगझगीत दिवे ते दाबतात. साडेनऊनंतर छताचा पांढरा दिवा बंद, कोपऱ्यातला पिवळा चालू, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. मेलाटोनिन चढलेलं असताना इन्शुलिन कमी सुटतं, त्यामुळे तीच जिलबी सकाळी आठला खाल्ली तर साखर जितकी चढेल, त्यापेक्षा रात्री अकराला जास्त चढते आणि जास्त वेळ राहते. पोहे-जिलबी सकाळी खाणारे इंदूरकर नकळत शहाणपणाच करतात.

सराफा, म्हणजे सराफ बाजारात रात्री भरणारा खाऊबाजार, सोडा असं इंदुरात सांगण्यात अर्थ नाही. नियम एवढाच: आठवड्यातून एकदा, आणि जेवणानंतर नाही, जेवणाऐवजी. सोन्याची दुकानं मिटून ठेले लागले की नऊलाच जा. आधी भुट्ट्याचा कीस किंवा थंडीत गराडू (तळलेला कंद), गोड शेवटी आणि वाटून. दुसऱ्या दिवशी उठण्याची वेळ हलवू नका. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या रात्रीच्या डोसचं आधी डॉक्टरांना विचारा.

थंडीत आणखी एक सोपी युक्ती: झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ, नाहीतर दहा मिनिटं गरम पाण्यात पाय. हातापायांच्या रक्तवाहिन्या पसरतात, आतली उष्णता बाहेर पडते, गाभ्याचं तापमान उतरतं आणि झोप त्या उताराबरोबर येते.

रात्रपाळी असेल तर

पिथमपूरच्या कारखान्यांत रात्री दहा ते सकाळी सहा पाळी करणाऱ्यांना वरचं वेळापत्रक लागू नाही. त्यांनी रोजचे चार तास तरी समान ठेवावेत. कामाच्या दिवशी सकाळी साडेआठ ते साडेतीन झोप, सुट्टीच्या दिवशी पहाटे साडेचार ते दुपारी साडेबारा. म्हणजे साडेआठ ते साडेबारा कायम झोपेचे. पोटभर जेवण पाळीआधी, मध्यरात्रीनंतर फक्त हलकं. खोलीत जाड पडदा किंवा डोळ्यांवर पट्टी. परतताना काळा चष्मा चालतो, पण बसमध्ये. गाडी स्वतः चालवायची असेल तर चष्मा नको आणि पेंग असेल तर निघायच्या आधी २० मिनिटं झोप घ्या.

गोळ्या आणि तपासण्या

थायरॉइडची गोळी अनशापोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. थायरॉइडच्या तपासणीत मोजलं जाणारं टीएसएच रात्री वाढतं, म्हणून दोन तपासण्यांची तुलना करायची तर दोन्ही वेळी रक्त साधारण एकाच वेळेला द्या. दिवसातून एकदा घ्यायची प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी बहुधा सकाळी खाऊन घ्यायला सांगतात, शरीराच्या स्वतःच्या कॉर्टिसॉलच्या चढ-उताराशी जुळावं म्हणून. बरेच दिवस चालू असेल तर ती मनाने एकदम बंद करू नका. आपल्या ग्रंथी तोवर सुस्तावलेल्या असतात.

कॉर्टिसॉलची रक्ततपासणी सहसा सकाळी आठच्या सुमारास होते. दुपारी चारला दिलेल्या रक्ताचा आकडा सकाळच्या तक्त्याशी ताडून घाबरलेले लोक पुष्कळ. रात्रपाळी करत असाल तर रक्त देण्याआधी तसं सांगा, नाहीतर आकड्याचा अर्थच चुकतो. चेहरा गोल होणं, पोटावर रुंद जांभळे पट्टे, जिना चढताना मांड्या लुळ्या पडणं. किंवा उलट, वजन घटणं, कातडी काळवंडणं, उभं राहताच चक्कर, मिठाची हाव: यांत डॉक्टरांकडे जाणं पुढे ढकलू नका. घोरताना श्वास थांबतो असं घरच्यांनी सांगितलं तरीही तेच. जाताना दोन आठवड्यांची वही न्या. रोजच्या चारच नोंदी: केव्हा आडवे झालात, अंदाजे केव्हा झोप लागली, केव्हा उठलात, शेवटचा चहा केव्हा.