क्रिसी फील्डला गळ टाकायला येताय? या चुका टाळा

सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रिसी फील्डला, म्हणजे खाडीकाठच्या पार्कात, मी बरीच वर्षं शनिवारी पहाटे मासे गरवायला जातो, आता साउथ बेमधून आपली मराठी मंडळीही यायला लागलीत त्याचा आनंदच आहे, पण दर खेपेला त्याच त्याच चुका दिसतात म्हणून आज लिहूनच टाकतो.

सगळ्यात आधी पर्चचा, म्हणजे किनाऱ्याजवळ मिळणाऱ्या एका लहान माशाचा, बंद हंगाम, कारण यात खरंच जीव तुटतो. गोल्डन गेट ब्रिजच्या आत, म्हणजे खाडीत, 1 एप्रिल ते 31 जुलै पर्च (पूर्ण नाव सर्फपर्च) धरायला बंदी असते, सूट फक्त छोट्या शायनर पर्चला. पुलाच्या बाहेर ओशन बीच, पॅसिफिका इथे वर्षभर चालतं. मग होतं काय, लोक पॅसिफिकाचा मे महिन्यातला व्हिडिओ बघतात आणि येतात क्रिसी फील्डला, कारण पूल समोर दिसतो, पोरांना खेळायला गवत आहे. अहो पण हे पार्क पुलाच्या आतल्या बाजूला आहे! मर्यादासुद्धा वेगळी, खाडीत शायनर सोडून दिवसाला 5 पर्च, बाहेर 20 आणि त्यातही एका जातीचे 10 च.

एकदा मे मध्येच एक तरुण मुलगा भेटला, मोठ्या उत्साहाने म्हणाला काका बघा, पहिल्याच दिवशी सहा मिळाले. बादलीत डोकावलो तर तळाशी बोटभर लांबीची पिल्लं पडलेली. त्याला वाटलं माशांनी आधी गिळलेले छोटे मासे ओकले असतील. पर्च अंडी घालत नाही, सरळ पिल्लं देते, आणि पोटुशी मादी पकडली की त्या धक्क्याने पिल्लं वेळेआधीच बाहेर टाकते. हे सांगितल्यावर तो गप्पच झाला, आम्ही दोघांनी बादली पाण्यात रिकामी केली पण त्यातला एकच मोठा मासा हलला. मुलगा वाईट नव्हता, फक्त नियम वाचायची दहा मिनिटं त्याने वाचवली होती. मी त्या चार महिन्यांत पर्चचं आमिष, म्हणजे कोळंबी आणि किडे, घरीच ठेवतो, मोठा लूर (खोटं आमिष) लावून फक्त स्ट्राइप्ड बास या मोठ्या माशाच्या मागे लागतो, चुकून पर्च लागलीच तर हात ओले करून पाण्यातल्या पाण्यात गळ काढतो.

मासेमारीचं लायसन्स. इथल्या टॉर्पीडो व्हार्फवर लागत नाही कारण तो सार्वजनिक धक्का आहे, पण खाली उतरून वाळूत उभे राहिलात की 16 वर्षं किंवा त्यापुढच्या प्रत्येकाला लागतं. आणि धक्क्यावर लायसन्स नाही म्हणजे बंदी, माप, मर्यादा काहीच नाही असं नसतं.

दुसरी माझी चीड आणणारी चूक म्हणजे भरती न बघता येणं. रत्नागिरीला आमचे काका तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे आणि ती जवळपास बरोबर यायची, मीही इथे पहिल्या वर्षी तोच हिशोब लावला आणि कितीतरी सकाळी मेलेल्या पाण्यात दोरी सोडून बसलो. इथे दिवसात दोन भरत्या येतात पण त्या सारख्या नसतात, एक मोठी एक लहान, त्यामुळे तो हिशोब इथे जुळत नाही. वास्तविक इथल्या भरतीची नोंद 1854 पासून सलग ठेवलेली आहे, तक्ता फुकट मिळतो, तो बघा ना! पाणी चढायला लागल्यापासूनचे दोन तास मी सोडत नाही. पाणी थांबलं की मी खाण्याचा डबा उघडतो, नवीन लोक मात्र तेव्हाच घाईघाईने आमिष बदलत बसतात.

आणि लांब फेकू नका. पर्च धक्क्याच्या खांबांजवळ, दगडांच्या कडेला, लाट फुटते त्या खळग्यात असते. लोक आल्या आल्या गुडघाभर पाण्यात उतरतात आणि जिथे मासा आहे तिथेच उभे राहून पलीकडे फेकतात. मी चार पावलं मागे कोरड्या वाळूत उभा राहतो, सहा नंबरचा छोटा गळ, शिसं तळाला टेकेल एवढंच.

रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी किती सहज सुटेल ते ठरवणारा ब्रेक, करकचून आवळून रॉड दगडाला टेकवून ठेवू नका. माझा एक रॉड असाच बासने डोळ्यांदेखत ओढून नेला, तोंडात गळ आणि मागे रॉड अशा अवस्थेत तो मासा किती जगला असेल ते आठवलं की अजून बरं वाटत नाही. आता रॉड हातातच, आणि ड्रॅग एवढा सैल की हाताने ओढली तर दोरी सुटली पाहिजे.

बास 18 इंचाखाली ठेवायचा नाही, दिवसाला दोनच. काहीजण म्हणतात हा तर बाहेरचा मासा, 1879 मध्ये न्यू जर्सीहून रेल्वेने आणून सोडलेला, मग मापाचं काय एवढं. मला हे अजिबात पटत नाही, दीडशे वर्षं होत आली, आता तो याच खाडीचा. टेप खिशात ठेवा, अंदाजाने मोजू नका.

बासच्या कल्ल्याचं झाकण धारदार असतं, तिथे बोट घालू नका, खालचा ओठ धरा.

घरी नेऊन खाण्याआधी खाडीतल्या माशांबद्दलची आरोग्याची सूचना वाचा. मोठ्या बासमध्ये पारा असतो, पर्चमध्ये पीसीबी नावाची विषारी रसायनं, त्यामुळे लहान मुलं आणि गरोदर बायकांच्या ताटात मी तरी हे मासे वाढत नाही.

उन्हाळ्यात दुपारी पुलाखालून असा वारा सुटतो की आमिष कुठे पडतं ते कळत नाही. मी साडेदहाला सामान आवरतो, आणि वाळूत सापडलेले दोरीचे तुकडे, माझे नसले तरी, पिशवीत घालून नेतो, कारण पक्ष्यांच्या पायांत ते अडकतात.