इंटर्नशिपमध्ये पेशंटला नीट समजावून सांगायला कसं शिकायचं आणि त्यातूनच ब्रँच कशी ठरवायची

एमबीबीएसच्या फायनल इयरचा रिझल्ट लागला, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन झालं की सगळ्यांच्या डोक्यात एकच विषय, नीट पीजी, म्हणजे एमडी-एमएसची प्रवेश परीक्षा. २०० प्रश्न, ८०० मार्क, साडेतीन तास, चुकलं की एक मार्क वजा. टेन्शन खरंय आणि अभ्यास करू नका असं मी कुणालाच सांगणार नाही. पण होतं काय की बरेच इंटर्न वॉर्डात सही करतात आणि लायब्ररी गाठतात, वर्ष संपतं, रँक येते, आणि मग कुठली ब्रँच घ्यायची, म्हणजे कशात स्पेशालिस्ट व्हायचं, विचारलं तर मित्रमैत्रिणी काय घेतायत ते बघतात. माझं स्पष्ट मत आहे, ओपीडीत बसून पेशंटला समजावून सांगायचं काम मन लावून केलं तर त्याचं भलं होतंच पण आपला जीव कशात रमतो तेही कळतं. पुस्तकातून ते कळत नाही.

आधी इंटर्नशिपच्या ५२ आठवड्यांचं वाटप नीट बघून घ्या. कम्युनिटी मेडिसिन १२ आठवडे, गायनॅक ७, मेडिसिन आणि सर्जरी सहा-सहा, पीडियाट्रिक्स ३, बाकीचे विषय एक-दोन आठवड्यांचे, आणि ४ आठवडे इलेक्टिव्ह, म्हणजे आपण निवडायच्या पोस्टिंगचे. हे ४ आठवडे लोक सुट्टीसारखे वापरतात, तसं करू नका, त्याबद्दल पुढे लिहितेय.

आता मुख्य काम. सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत एवढी गर्दी असते की रेसिडेंटला, म्हणजे पीजी करणाऱ्या डॉक्टरला, मान वर करायला वेळ नसतो, तो औषध लिहितो आणि पुढचा पेशंट बोलावतो. त्याचं वाईट नका वाटून घेऊ, तिथेच तुमची जागा आहे. केसपेपर घेऊन पेशंट बाहेर निघाला की त्याला बाजूच्या बाकावर बसवा आणि पाच मिनिटं द्या. सुरुवात तुम्ही नका करू, आधी विचारा, "मावशी, तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे झालं असेल?" कोणी म्हणेल नजर लागली, कोणी म्हणेल इंजेक्शनची उष्णता पडली, ऐकून घ्या, हसू नका. त्यांच्या मनात काय बसलंय ते कळल्याशिवाय तुमचं सांगणं आत जातच नाही. मग फक्त तीनच गोष्टी सांगा, काय झालंय, घरी काय करायचं, आणि काय झालं तर लगेच परत यायचं. चौथी गोष्ट सांगितली की पहिली विसरतात.

आणि शेवटी "समजलं का?" असं अजिबात विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात, डॉक्टरला नाही कोण म्हणणार. त्यापेक्षा असं विचारा, "घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल, मला सांगा बघू." मग त्या सांगायला लागतात आणि लगेच कळतं की सकाळची गोळी रात्री आणि रात्रीची सकाळी झालीये. तेवढंच दुरुस्त करायचं. गोळ्यांच्या पट्टीवर पेनने सूर्य आणि चंद्र काढून द्या, वाचता न येणाऱ्या आजीलाही ते कळतं.

थोडी उदाहरणं देते कारण खरी गोम इथेच आहे. शुगरच्या पेशंटला उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) साडेसहा हे आकडे आपल्या निदानासाठी, त्याला हे सांगायचं की रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे आला, म्हणून गोळी बंद करायची नाही. आणि उपवासाचं स्वतःहून विचारा. एकादशी, नवरात्र, रोजे, लोक सांगत नाहीत, गुपचूप धरतात, गोळी मात्र चालू ठेवतात किंवा दोन्ही सोडतात. ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहिलं तर दुपारी घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी, आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खाल्ला की शुगर वर. रागवून उपयोग नाही, "उपवासाच्या आधी येऊन गोळ्या बदलून घ्या" म्हणा, आणि घाम-थरथर झाली तर तीन चमचे साखर लगेच, देव रागवत नाही हेही म्हणा. रोज रात्री पायाचे तळवे बघायला सांगा, स्वतःला दिसत नसतील तर नातवाला बघायला लावा.

टीबीचं तर जास्तच जपून. व्हरांड्यात सगळ्यांसमोर मोठ्याने नाव घेऊन सांगू नका, लग्नाची मुलगी असेल तर तिच्या घरच्यांना काय वाटत असेल विचार करा. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा कोर्स ६ महिन्यांचा, पण दीड-दोन महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढतं आणि तिथेच लोक गोळ्या सोडतात, म्हणून "बरं वाटलं तरी सोडायचं नाही" हे पहिल्याच दिवशी. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाने लघवी केशरी होते हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून गोळ्या फेकून देतो. निक्षय पोषण या सरकारी योजनेतून टीबीच्या पेशंटला आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, आधी ५०० होते, त्यासाठी बँकेचे डिटेल्स दिलेत का ते तिथल्या तिथे तपासा. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी हवी, लहान मुलं असतील तर नक्कीच.

जुलाब झालेल्या बाळाच्या आईला ओआरएसचं मोठं पाकीट दिलं की ती चिमूटभर पावडर वाटीभर पाण्यात टाकते. पूर्ण पाकीट एकदम एक लिटर पाण्यात, घरात लिटरचं भांडं कुठलं ते विचारून घ्या, पाण्याची बाटली चालते. २४ तासांनी उरलेलं फेकायचं. झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी. गरोदर ताईंना लोहाच्या गोळीने शी काळी होते हे सांगा आणि चहाबरोबर घेऊ नका म्हणा, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कुत्रा चावला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, हळद-चुना-तिखट काहीही भरायचं नाही, आणि सरकारीत कातडीत देतात त्या इंजेक्शनच्या तारखा म्हणजे पहिला दिवस धरून ०, ३, ७, २८ या कॅलेंडरवरच्या तारखा म्हणून लिहून द्या, "तीन दिवसांनी या" म्हणू नका. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन) लागतं, ते कुठे मिळेल हेही सांगा. सापाचं एकच, कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही, १०८ ला फोन.

गावातलं पोस्टिंग आलं की लोक अदलाबदल करून शहरात राहायला बघतात. माझी विनंती आहे, जा. प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे साधारण ३० हजार लोकसंख्या, आदिवासी भागात २० हजार, आणि तिथे आशाताईबरोबर चार घरं फिरलात तर कळतं की बीपीची गोळी का खात नाहीत. बहुतेक वेळा कारण अज्ञान नसतंच. एसटी नाही, रोज बुडतो, गोळ्या संपल्या, नवरा बाहेरगावी. आठवडी बाजाराच्या दिवशी ओपीडी भरते कारण त्या दिवशी गावात यायचंच असतं, मग बीपीवाल्यांना पुढची तारीख बाजाराचीच द्या की. असं साधं डोकं लावलं की माणसं परत येतात, आणि ते बघून जे समाधान मिळतं ते मला तरी दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

आता ब्रँच. एक छोटी डायरी खिशात ठेवा आणि प्रत्येक पोस्टिंग संपताना लिहा, कुठला पेशंट लक्षात राहिला, कुठलं काम करताना घड्याळ बघितलं नाही, आणि कशाचा कंटाळा आला. तेच शुगरचं रोज दहा जणांना सांगताना मजा येत असेल तर मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, पीडियाट्रिक्स, सायकियाट्री, पीएसएम (म्हणजेच कम्युनिटी मेडिसिन) याकडे बघा, कारण पुढचं आयुष्य तेच बोलण्याचं आहे. बोलून दमायला होतं पण टाके घालताना हात शांत असतो, मग सर्जरी, ऑर्थो, अॅनेस्थेशिया. स्लाइड किंवा फिल्ममध्ये कोडं सोडवायला आवडतं तर पॅथॉलॉजी, रेडिओलॉजी, आणि पॅथो घेतली म्हणून काकांनी नाक मुरडलं तरी मुरडू दे. इलेक्टिव्हचे ४ आठवडे ज्या ब्रँचबद्दल मन दोलायमान आहे तिथेच काढा, आणि डिपार्टमेंटच्या एचओडीचं आयुष्य बघू नका, सेकंड इयर रेसिडेंटचं बघा, पुढची ३ वर्षं ती आहेत. नाइट ड्युटीनंतर त्याला चहा पाजा आणि विचारा, खरं सांगतो तो.

पैशाचंही घरी मोकळं बोला. मॅनेजमेंट कोट्यातल्या सीटसाठी शेत विकायचं का हा प्रश्न कितीतरी घरांत असतो आणि पोरगं गप्प राहतं. डीएनबी ही एमडी-एमएसच्याच तोडीची पदवी, तिच्याकडे कमी समजून बघू नका. पीजी लगेच नाही झालं तरी रस्ते आहेत, मेडिकल ऑफिसर, यूपीएससीची डॉक्टरांसाठीची सीएमएस परीक्षा, टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) किंवा दुसरीकडे एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रायगडमध्ये महाड भागात काम करताना विंचूदंशाच्या पेशंटांशेजारी बसून नोंदी ठेवल्या, त्यातून प्रॅझोसिन या औषधाचा उपचार पुढे आला आणि लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं. पेशंटजवळ बसायची सवय माणसाला कुठवर नेते त्याचं हे उदाहरण.

अभ्यासाचं म्हणाल तर दिवसभरात बघितलेल्या केसचाच टॉपिक रात्री वाचा, त्याचे प्रश्न सोडवा, तो विसरला जात नाही. कॅज्युअल्टी आणि गायनॅकच्या पोस्टिंगला फार वाचन होणार नाही हे आधीच धरून चला, कम्युनिटी मेडिसिनच्या १२ आठवड्यांत संध्याकाळी भरून काढा.

लॉगबुकवर, म्हणजे पोस्टिंगच्या नोंदवहीवर, सह्या त्या त्या पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशीच घ्या, नंतर सर बदलून जातात. कम्प्लीशन सर्टिफिकेट मिळालं की कौन्सिलचं कायम रजिस्ट्रेशन लगेच टाका. सरकारी कॉलेजवाल्यांना एका वर्षाच्या सरकारी सेवेचा बाँड आहे, तेव्हा पोस्टिंगची नोटीस कधी निघते त्यावर डोळा ठेवा. आणि पीजी प्रवेशाच्या काउन्सेलिंगचा चॉइस फॉर्म भरताना डायरी उघडून आधी ब्रँचचा क्रम लावा, मग कॉलेजचा, आणि पहिल्या पाच कॉलेजांत सध्या असलेल्या रेसिडेंटशी फोनवर बोलल्याशिवाय फॉर्म लॉक करू नका.