दुकानावरचं घर वाचायचं कसं

मुलाकडे इंग्लंडला दोन-तीन महिने राहून येणारी मंडळी आता सोलापुरातही बरीच आहेत. तिथल्या जुन्या बाजारपेठेत गेलात तर नुसता काचेतला माल बघून पुढे जाऊ नका. खाली दुकान, वर बिऱ्हाड, ही आपल्या चाटी गल्लीतली रीत तिथेही शेकडो वर्षांची आहे. आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले, म्हणून सांगतो.

समोरच्या फुटपाथवर उभं राहा आणि वरून खाली बघत या. तळमजला प्रत्येक नवा दुकानदार बदलून टाकतो, वरच्या मजल्यांना सहसा कुणी हात लावत नाही.

वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला असेल तर सांगाडा बहुधा लाकडी. यॉर्कमधली शॅम्बल्स ही खाटकांची गल्ली बघाच. मांस टांगायचे आकडे तिथे अजून आहेत. दर्शनी भिंत सपाट विटांची असली तरी लगेच अठरावं शतक म्हणू नका. आधी शेजारच्या बोळात शिरा. तिथे लाकडी तुळया दिसल्या, तर जुन्या घरालाच विटांचा नवा चेहरा चढवलाय. मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच शोधणं.

मग खिडक्या. पहिल्या मजल्यावर त्या सर्वांत उंच, कारण मालकाची बैठक तिथे. वर वर लहान होत जातात. माळ्यावर नोकर राहत. बुजवलेली खिडकी दिसली की सगळे खिडकीपट्टीचं नाव घेतात. खिडक्यांच्या संख्येवरचा तो कर 1696 ते 1851 होता आणि तो वाचवायला लोक खिडक्या बुजवत हे खरं, पण काही खिडक्या केवळ दर्शनी भाग दोन्हीकडे सारखा दिसावा म्हणून मुळातच बंद बांधल्या आहेत.

शेवटी दुकान. त्याच्या दाराला लागून दुसरं अरुंद दार असेल तर तो वरच्या घराचा जिना. काचेवरचा कर 1845 साली उठला, त्यानंतर मोठ्या काचा परवडू लागल्या. म्हणून लहान-लहान तावदानांचं दुकान बहुधा त्याआधीच्या घडणीचं, नाहीतर मुद्दाम जुन्यासारखं केलेलं.

चेस्टरला गेलात तर पायऱ्या चढून पहिल्या मजल्यावरच्या छपराखालच्या रस्त्याने चाला. दुकानांची दुसरी रांग तिथे आहे. काही दुकानांखाली दगडी कमानींची मध्ययुगीन तळघरंही आहेत. काळ्या-पांढऱ्या लाकडी दर्शनी भिंती मात्र बऱ्याचशा एकोणिसाव्या शतकातल्या.

जाण्याआधी आपल्या जुन्या पेठांत एक सकाळ हाच सराव करा. नजर फ्लेक्सच्या वर ठेवा.